आजीनं पौलाची पत्रं का ऐकली नाहीत



धर्माच्या पुस्तकातून दुबळ्या माणसाला धीर मिळतो, असं आपल्या बैठकीत कुणी म्हटलं की दोनच गोष्टी होतात. एक तर कुणीतरी अफूचं वाक्य फेकतो आणि चहा मागवतो. नाहीतर कुणीतरी हळवा होऊन म्हणतो, श्रद्धेचा प्रश्न आहे, सोडा. दोन्हीकडून विचार तिथंच मरतो. मला तो मारायचा नाही. कारण ज्या काळ्या माणसांच्या लढ्याकडं बघून १९७२ साली इथल्या पोरांनी आपल्या संघटनेला पँथर हे नाव दिलं, त्या माणसांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बायबल होतं. मळ्यावर होतं, झोपडीत होतं, चाबकाच्या आधी होतं आणि चाबकानंतरही होतं. ते वजा केलं तर त्यांचा लढा अर्धा दिसतो. आपण त्यांच्याकडून पँथर घेतला, कविता घेतली, संताप घेतला. बायबल तेवढं बाजूला ठेवलं, जणू ते त्यांच्या अंगाला चुकून लागलेलं होतं.

म्हणून हॉवर्ड थर्मनच्या पुस्तकावर लिहितोय. थर्मन हा काळा पाद्री. जन्म १८९९ चा, फ्लोरिडातल्या डेटोनाचा. वारला १९८१ साली. 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हे त्याचं पुस्तक १९४९ साली निघालं. आपल्या भाषेत म्हणायचं तर येशू आणि बेदखल माणसं. शंभरेक पानांचं पुस्तक, पाच प्रकरणं. पहिलं येशूवर, मग भीती, फसवणूक, द्वेष आणि शेवटी प्रेम. मी ते इंग्रजीतून वाचलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन, पाळीवरून आल्यावर रोज दोन-तीन पानं. असं वाचण्याचा एक फायदा असतो. लेखक आपल्याला पळवत नेऊ शकत नाही. एकेका शब्दाला थांबवून विचारता येतं, तू इथं कशाला आलास?

थर्मनचा सवाल सरळ आहे. ज्याला मागं सरकायला जागाच उरलेली नाही, अशा माणसाला येशूच्या धर्माकडून काय मिळतं? हा सवाल त्याला आरामखुर्चीत सुचलेला नाही. १९३५ साली तो काळ्या लोकांचं एक छोटं शिष्टमंडळ घेऊन सिलोन आणि हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाला. कोलंबोला लॉ कॉलेजात भाषण झालं. भाषणानंतर तिथल्या एका गृहस्थानं त्याला बाजूला घेऊन जे विचारलं त्याचा मतलब असा: तुमच्या लोकांना आफ्रिकेतून धरून नेणारे ख्रिस्ती. ज्या जहाजांतून नेलं त्यातल्या एकाचं नाव जीझस. तुम्हाला झाडाला टांगणारे रविवारी चर्चला जाणारे. आणि तुम्ही त्यांचाच धर्म घेऊन आमच्या दारात उभे? मला तर तुम्ही जगातल्या सगळ्या काळ्यासावळ्या माणसांचे गद्दार वाटता.

जहाजाचं खोटं नाही. १५६४ साली जॉन हॉकिन्स नावाच्या इंग्रजानं गुलामांच्या धंद्यासाठी राणीचं 'जीझस ऑफ ल्युबेक' हे जहाज नेलं होतं. येशूच्या पोटात माणसं कोंबून नेली, असं म्हणायला हरकत नाही.

थर्मननं हा प्रश्न झटकला नाही. उत्तर द्यायला त्यानं पुढं अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणून माझा या माणसावर विश्वास बसला. आता एक राग इथंच नोंदवतो आणि पुढं जातो. थर्मनचा दौरा सुरू झाला तो महिना ऑक्टोबर १९३५. त्याच महिन्याच्या १३ तारखेला बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे धर्म माणसाला काय देतो या प्रश्नावर अख्खा देश ढवळून निघाला होता. आणि हे शिष्टमंडळ १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोलीला जाऊन गांधींना भेटलं. बाबासाहेबांचं नाव मला या पुस्तकात कुठं आढळलं नाही. बेदखल माणसांवर पुस्तक लिहिणाऱ्याला बेदखलांचा बाप दिसू नये, याचं वाईट वाटतं.

असो. पुस्तकातली खरी बाई आता सांगतो. थर्मनची आजी.

ही त्याच्या आईची आई. गुलामीत जन्मलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. आठवड्यातून दोन-तीनदा नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. काय वाचायचं हे मात्र आजी ठरवायची. स्तोत्रं चालायची. यशयाचे काही भाग चालायचे. येशूची शुभवर्तमानं तर पुन्हा पुन्हा. पण पौलाची पत्रं? नाव काढायचं नाही. फार तर कधीमधी करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय, तो प्रेमावरचा. बाकी सगळा पौल बंद. नातू कॉलेजात गेला, सुट्टीला घरी आला आणि धीर करून त्यानं कारण विचारलं. आजीनं सांगितलं ते असं. मळ्याचा मालक काळ्या पाद्र्याला गुलामांपुढं उभा राहू द्यायचा नाही. गोरा पाद्री आणायचा. वर्षातून तीन-चार वेळा तरी तो गोरा पौलाचं तेच वचन काढायचा, गुलामांनी मालकाचं ऐकावं म्हणून सांगणारं. आणि मग देवानंच तुम्हाला गुलाम केलंय, नीट वागलात तर देव खूश होईल, असं समजावून द्यायचा. तेव्हा त्या बाईनं मनाशी पण केला, की कधी वाचायला आलं आणि कधी सुटका झाली, तर ती पानं मी वाचणार नाही.

ही समीक्षा आहे. आमच्यावर लिहिणारे प्राध्यापक समीक्षेची व्याख्या देताना चार-पाच परदेशी नावं घेतात. त्यांनी या आजीचं नाव घ्यावं. तिचं नाव नॅन्सी अँब्रोज. या बाईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण पुस्तकातलं कुठलं पान कुणाच्या हातात असताना आपल्या पाठीवर काय पडलं, एवढं तिला नेमकं माहीत होतं. तेवढ्या माहितीवर तिनं जगातल्या सगळ्यात मोठ्या धर्मग्रंथातला एक मोठा लेखक नापास केला. कुणाची परवानगी घेतली नाही. पाद्र्यालाही विचारलं नाही आणि देवाची माफीही मागितली नाही.

आणि तिनं ठेवलं काय ते बघा. स्तोत्रं ठेवली. आपल्याला वाटतं स्तोत्रं म्हणजे नुसती आरती. वाचून बघा. देवाला फैलावर घेणारी स्तोत्रं आहेत त्यात. झोपलास काय, मला विसरलास काय, किती दिवस तोंड लपवणार, या चालीचं भांडण आहे. यशयात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्या धनदांडग्यांना तळतळाट आहेत. शुभवर्तमानातला येशू तर बोलूनचालून गरिबाघरचा. थर्मननं यात एक बारीक गोष्ट पकडलीय, ती मला फार आवडली. येशू जन्मला तेव्हा त्याच्या आईनं देवळात अर्पण काय केलं? पाखरांची जोडी. ज्याला परवडतं त्यानं कोकरू आणावं, ज्याला परवडत नाही त्यानं दोन पाखरं आणावीत, असा यहुद्यांचा नियम होता. म्हंजे मारियेच्या घरात कोकरू नव्हतं. एवढ्यावरून थर्मन येशूची वर्गवारी ठरवतो. यहुदी, गरीब, आणि रोमच्या टाचेखालच्या जमातीतला.

मग तो पौलाकडं वळतो. पौलही यहुदीच. पण पौलाकडं रोमचं नागरिकत्व होतं. अडचण आली की मी रोमन नागरिक आहे म्हणून तो उभा राहू शकत होता. येशूला ती सोय नव्हती. रोमच्या शिपायानं येशूला रस्त्याकडेच्या खड्ड्यात ढकललं असतं तर दाद कुठं मागणार? म्हणून सत्तेबद्दल पौल एक बोलतो आणि येशू दुसरं. ही मांडणी मला या पुस्तकातली सगळ्यात पक्की वाटते. आपल्याला ती समजवावी लागत नाही. चवदार तळं नगरपालिकेनं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव कागदावर होता, आणि १९२७ साली तळ्यावर जाऊन पाणी प्यायलेल्यांची डोकी फुटली. नागरिक असण्यात आणि नसण्यात केवढं अंतर असतं हे महाडनं आपल्याला शिकवलंय. आजीला जे पाठीवरून कळलं होतं, त्याला नातवानं इतिहासाचा आधार दिला, असं म्हणू.

पण मालक लोकही वाचक होते, हे विसरू नका. त्यांनाही कळत होतं कुठलं पान कुणाला काय करतं. १८०७ साली लंडनला एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीज बेटांवरच्या निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी निवडलेले भाग, असं त्याच्या नावातच होतं. आज त्याला गुलामांचं बायबल म्हणतात. पुऱ्या बायबलात ११८९ अध्याय. यात ठेवले २३२. मोशे आपल्या लोकांना मिसरच्या गुलामीतून काढून नेतो, निर्गमाच्या पुस्तकातली ती गोष्टच गायब. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही, असं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आहे, तेही गायब. राहिलं काय? परक्या देशात विकला गेलेला आणि तरी इमानानं राबून वर चढलेला योसेफ. आणि मालकाचं ऐका म्हणणारा पौल. बघा, गुलामांना मुक्त करणारं वाक्यही पौलाचंच होतं. मालकांनी पौलालासुद्धा कापला. आजीच्या कानावर आलेला पौल हा असा मालकाच्या कात्रीतून आलेला.

व्हर्जिनियानं तर १६६७ सालीच कायदा करून टाकला होता की बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलामाची गुलामी सुटत नाही. पाणी डोक्यावर ओतू, साखळी पायात ठेवू. १८३१ साली त्याच व्हर्जिनियात नॅट टर्नर नावाचा गुलाम, जो बायबल वाचणारा आणि उपदेश करणारा होता, बंड करून उठला. त्याच्या आगेमागे दक्षिणेतल्या राज्यांनी गुलामांना वाचायला शिकवणं कायद्यानं बंद करायला घेतलं. जे पुस्तक नुसती अफू असतं, ते वाचू द्यायला मालक एवढे घाबरले असते का? अफू तर मालक फुकट वाटतो.

दिवसा गोरा पाद्री आणि रात्री दुसरी सभा, असंही होतं. आजी नातवंडांना सांगायची, कधीतरी एखादा गुलाम पाद्री चोरून सभा घ्यायचा. बोलत बोलत शेवटी तो अशा जागी यायचा की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही ती घाणेरडी शिवी नाही, तुम्ही देवाची लेकरं आहात. हे सांगताना म्हातारी आजी नकळत ताठ व्हायची, छाती पुढं यायची. थर्मन म्हणतो, भीतीवरचा पहिला उतारा हा. मालकाचा चाबूक तिथंच असतो, भाकरी वाढत नाही, पण आपण कोण आहोत याची व्याख्या मालकाच्या तोंडून काढून घेतली जाते.

हे सगळं समुद्रापलीकडचं आहे, आपला काय संबंध, असं म्हणू नका. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला पोचले. म्हंजे ज्या साली टर्नरला फासावर चढवलं, त्याच साली त्याच देशातले पाद्री बायबल घेऊन नगरच्या महारवाड्या-मांगवाड्यांच्या दिशेनं निघाले होते. त्याच मिशननं १८४२ साली 'ज्ञानोदय' काढलं. आणि त्याच ज्ञानोदयात १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. त्या पोरीचं म्हणणं थोडक्यात असं, की बामण म्हणतात वेद आमचे, आम्ही ते बघायचेसुद्धा नाहीत, म्हंजे आम्हाला धर्माचं पुस्तकच नाही. तर मग देवा, आमचा धर्म कुठला ते तू तरी कळव. आजीपुढं नको असलेली पानं होती. मुक्ताच्या हातात एकही पान नव्हतं. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना. आपले पूर्वज हे धागे जोडत होते, आपणच मधे तोडून बसलो.

पण पुस्तक मिळालं म्हणजे झालं का? इथं बाबासाहेबांचं लिखाण काढून बघायला पाहिजे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या परिस्थितीवर त्यांनी लिहून ठेवलं होतं, ते त्यांच्या पश्चात १९८९ साली सरकारी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात इंग्रजीत आलं. त्यातला एक मुद्दा काळजाला लागतो. हिंदू होता तेव्हा या माणसाला सांगितलं गेलं की तुझी दशा तुझ्या मागच्या कर्मामुळं. ख्रिस्ती झाला तेव्हा सांगितलं की तुझी दशा तुझ्या मूळ पुरुषाच्या पापामुळं. दोन्हीकडं आरोपी हाच. गाव, जात, जमिनीचा मालक, यातलं कुणीच पिंजऱ्यात उभं नाही. असला माणूस स्वतःसाठी लढायला उठणार कसा, हा बाबासाहेबांचा सवाल आहे. आपला चोखोबाही विठ्ठलाशी भांडला, पण काही अभंगांत आपला जन्म मागच्या पापाचं फळ मानून गप्प झाला. समाधी पायरीशीच राहिली.

हा मुद्दा मी पुस्तकात वाचला त्याच्या आधी खात्यात बघितलाय. आमच्या रिंगफ्रेमला एक भाऊ आहेत, वयानं मोठे, नगरकडचे, मूळचे मांग, दोन पिढ्यांचे ख्रिस्ती. मागं गिरणीनं दोन महिने ले-ऑफ दिला. त्या दिवसांत ते रोज संध्याकाळी खोलीत स्तोत्रसंहिता काढून मोठ्यानं वाचायचे. आपली पोरं चिडवायची, भाऊ, येशू पगार देणार का? एकदा ते म्हणाले, "पगार नाय देत रे. पण मुकादमाच्या दारात जाऊन रडायला लागू नये, एवढं देतो." आणि खरंच, मुकादमाकडं बदलीच्या रोजासाठी रांग लागली होती, त्यात ते नव्हते. कामगारांच्या अर्जावर अंगठे-सह्या मागायला गेलो तर पहिल्या पाचांत त्यांची सही. पण पुढं गेटवर सभा ठरली, त्या दिवशी त्यांच्या पाद्र्यानं सांगितलं की भांडणात पडू नका, प्रार्थना करा. भाऊ आले नाहीत.

एकाच माणसात दोन्ही आहे. मला यातून कुठली एक बाजू वजा करता येत नाही. स्तोत्रानं त्यांना रांगेतून बाहेर काढलं, पाद्र्यानं त्यांना सभेतून बाहेर ठेवलं. आणि वरून सरकार. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला, पुढं १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला मांग बाहेर. गावात विचारा, गावाच्या लेखी तो अजून मांगच. चर्चमधे बाक वेगळा, काही ठिकाणी स्मशानात भिंत. व्हर्जिनियाचा १६६७ चा कायदा आठवतो. बाप्तिस्म्यानं स्थिती बदलत नाही.

आता थर्मनशी भांडण.

भीती आणि फसवणूक ही प्रकरणं अव्वल आहेत. फसवणुकीवर लिहिताना तो कुठंही सज्जनपणाचा आव आणत नाही. तो म्हणतो, दुबळा माणूस सबळाला फसवतो, ते जगण्यासाठीच. पोर मोठ्यांना फसवतं, गुलाम मालकाला फसवतो. साहेबापुढं 'होय साहेब' म्हणून पाठीमागं काय म्हणतो हे प्रत्येक कामगाराला माहीत आहे. पण रोज असं दुहेरी बोलता बोलता खरं काय ते माणसालाच कळेनासं होतं, हा थर्मनचा इशारा. इथं तो आपल्या साहित्यापेक्षा एक पाऊल पुढं गेलाय. आपण मालकाचा खोटेपणा खूप लिहिला. आपल्याला जगण्यासाठी वागवावा लागलेला खोटेपणा कमी लिहिला. आपल्या आत्मकथनांत जात चोरून खोली घेतल्याच्या गोष्टी येतात, तिथं हे थोडं उघडं पडतं.

द्वेषाच्या प्रकरणात मात्र माझं त्याचं पटत नाही. तसा तो प्रामाणिक आहे. द्वेष पिचलेल्या माणसाला काय देतो हे तो नीट सांगतो. ज्याला जगानं कवडीची किंमत दिली नाही, त्याला द्वेष सांगतो की तू कुणीतरी आहेस. अंगात बळ येतं. एवढं मान्य करून मग तो म्हणतो, शेवटी द्वेष ज्याच्या पोटात राहतो त्यालाच खातो, म्हणून येशूनं तो नाकारला. ठीक. पण माणसाचा द्वेष आणि व्यवस्थेवरचा संताप यांच्यामधली रेघ थर्मन ठळक ओढत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला, म्हणजे नेमक्या नाताळच्या दिवशी, महाडला मनुस्मृती जाळली. तिथं द्वेष होता का? कुणाच्या अंगाला काडी लावली नाही. पण पान वगळून भागलं नाही, पान जाळावं लागलं, चारचौघांत. आजीनं पौल ऐकला नाही तो आपल्या घरात. त्या न ऐकण्याचं मोल मी कमी करत नाही, तिच्या काळात तेवढंच शक्य होतं. पण नातवानं १९४९ साली ते चौकात आणायला पाहिजे होतं. तो पौलाला समजून घेतो, नागरिकत्वाचं कारण देतो आणि पुस्तक वाचवतो. मला वाटतं इथं पाद्री समीक्षकावर बसला.

प्रेमाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. शत्रूला माणूस म्हणून बघायचं तर आधी दोघं बरोबरीनं समोर यायला पाहिजेत, भेदाच्या भिंतीआड प्रेम होत नाही, हे तो म्हणतो आणि ते रास्त आहे. पण भिंत पाडायची कुणी आणि कशी? संघटना नाही, कायदा नाही, संप नाही. सगळं एकेका माणसाच्या आतमध्ये चाललेलं. आत बळ आलेला माणूस बाहेर कुणाबरोबर उभा राहतो, यावर पुस्तकात फारसं नाही. मॉन्टगोमेरीत काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला तो पुढं १९५५ साली, तेव्हा सभा चर्चमध्येच भरल्या आणि तिथूनच लोक पायी कामाला गेले. म्हणजे आतलं बळ बाहेर येऊ शकतं हे त्या लोकांनी दाखवलं. थर्मननं तो रस्ता अर्धाच आखून ठेवला होता.

आता आपल्याकडं बोट वळवतो, रागावू नका. आजीसारखं वाचणारा आपल्यात कोण झाला? बाबासाहेब स्वतः. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली निघालं, प्रस्तावना काढून बघा. बौद्धांचे म्हणून चालत आलेले ग्रंथ समोर आहेत आणि हा माणूस त्यांना प्रश्न टाकतोय. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला, हे पटण्यासारखं आहे का? चार आर्यसत्यं बुद्धाचीच की मागाहून भिक्षूंनी घातली? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? गृहत्यागाची जुनी गोष्ट त्यांनी घेतली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावं लागलं, हे कारण घेतलं. पाण्याचं भांडण. चवदार तळ्याच्या माणसानं ते ओळखलं. आणि बुद्धाचं वचन खरं कुठलं हे तपासायला कसोटीही दिली. जे बुद्धीला धरून नाही, ज्यात माणसाचं हित नाही, ते बुद्धाचं नाही.

आजीची कसोटी पाठीवरच्या वळांची, बाबासाहेबांची बुद्धीची आणि हिताची. पण दोघांनीही ग्रंथाला शरण जायला नकार दिला आणि तरी ग्रंथातून बळ घेतलं. आणि आपण? खंड आणले, लाल कापडात बांधले, कपाटात ठेवले. जयंतीला काढून हार घालतो. कुठलं पान वाचून कुणाची पाठ ताठ झाली आणि कुठलं पान दाखवून कुठल्या पुढाऱ्यानं आपल्याला गप्प बसवलं, याची नोंद कुणी ठेवली का? पुढारी लोकांची कात्री १८०७ च्या लंडनवाल्यांपेक्षा कमी धारेची नाही. एका ओळीचे फलक छापतात, बाकीचे खंड कापून टाकतात. भाऊंना हसणाऱ्या पोरांना मी एवढंच विचारलं की धम्माच्या पुस्तकाची प्रस्तावना तुमच्यापैकी कितीजणांनी वाचलीय. दोघांनी हात वर केला. त्यातला एक पुढच्या रविवारी भाऊंच्या खोलीवर गेला आणि दोघं मिळून यशया आणि प्रस्तावना आलटून पालटून वाचत बसले होते. काय बोलणं झालं ते त्याच्याकडून लिहून घेतोय, जमलं तर पुढच्या अंकात.

थर्मनची प्रत एकच आहे, माझ्याकडं. कुणाला वाचायची असेल त्यानं सुट्टीच्या दिवशी खोलीवर येऊन घेऊन जावी, पंधरा दिवसांत परत करावी. समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेत, ते खोडू नयेत. द्वेषाच्या प्रकरणात माझ्याशी ज्याचं पटत नसेल त्यानं तिथंच खाली स्वतःचं लिहावं, जागा सोडली आहे.